गडूतली काशी

आत्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ५८ मिलिमीटर होतं. तिचे सगळे चष्मे मीच केले, त्यामुळे हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. पनवेलच्या लाईन आळीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. खाली दुकान, वर माडीवर बिऱ्हाड, आणि माडीवरच्या मागच्या खोलीत आत्या, वडिलांची थोरली बहीण. अडतिसाव्या वर्षी तिला संधिवाताने धरलं. आधी गुडघे आखडले, मग कंबर, मग मान. १९७८ साली ती शेवटचा जिना चढून वर आली, ती २०१८ पर्यंत खाली उतरली नाही. चाळीस वर्षं.

या चाळीस वर्षांत तिने काय काय पाहिलं आणि ते कसं पाहिलं, हे मला लिहून ठेवायचं आहे. ते लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सुरुवात तिच्यापासून होत नाही. खूप मागे जावं लागतं.

पनवेल हे जाणाऱ्या-येणाऱ्यांचं गाव. आज पुण्याची गाडी इथून एक्स्प्रेसवेला लागते, गोव्याची इथून वळते, कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात. आगगाडी नव्हती तेव्हाही मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे बैलगाडीने, घोड्यावरून नाहीतर पालखीतून खोपोलीपर्यंत जाऊन बोरघाट चढायचा. १८३० मध्ये, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि पनवेलच्या बंदराला बरकत आली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली. गाड्यांची चाकं करणं हा गावाचा नावाजलेला धंदा होता. घाटावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परतताना पनवेलची चाकं घेऊन जाई. मग १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली, पण ती कल्याण-कर्जतच्या वाटेने. पनवेल बाजूला पडलं ते चांगलं शंभर वर्षं.

घाटावरच्या गाड्यांना चाकं पुरवणाऱ्या या गावात घराचा उंबराही ओलांडता न येणारी माणसं होतीच. लंगडी, आंधळी, म्हातारी, सोवळ्यातल्या विधवा, कुणाचं दुखणं काढत बसलेल्या सुना. बंदरात उतरणाऱ्या उतारूंच्या आणि मालाच्या नोंदी झाल्या. या माणसांनी जग कसं पाहिलं याची नोंद कोण ठेवणार? ती घराघरांतच शोधावी लागते. आमच्या घरात ती देवघरातल्या एका फळीवर होती.

१९३७ साली आजोबा, आत्याचे अण्णा, काशीला गेले. पनवेलला रेल्वे नव्हती, म्हणून नाक्यावरून सर्व्हिस मोटारीने कल्याण, तिथून भुसावळ, इटारसी, जबलपूर, प्रयाग आणि काशी. दीड महिन्याने परत आले ते थेट घरी नाही आले. आधी विरूपाक्षाच्या देवळात उतरले. घरच्यांनी तिथे जाऊन त्यांना वाजतगाजत आणलं. मग गंगापूजन, मावंदं, ब्राह्मणभोजन. ज्यांना कधी जायला मिळणार नव्हतं त्यांनी आजोबांच्या पायांवर डोकं ठेवलं, कारण ते पाय काशीच्या मातीला लागून आले होते. काळभैरवाचे काळे गंडे वाटले गेले. आणि आजोबांनी आणले होते सात गडू. तांब्याचे, आवळ्याच्या आकारापेक्षा जरा मोठे, तोंडावर झाकण बसवून वरून डाख देऊन बंद केलेले. त्यांत गंगा. एकेक गडू एकेका घरात गेला, एक आमच्या देवघरात राहिला.

लहानपणी आजोबांच्या तोंडून मी त्या मावंद्याची हकीकत कितीदा तरी ऐकली आहे. त्यातली मला सगळ्यात आवडायची ती गोष्ट शेजारच्या आंधळ्या म्हातारीची. ती मावंद्याला येऊ शकली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आजोबाच तिच्याकडे गेले. गंगेत बोट बुडवून तिच्या पापण्यांना लावलं. म्हातारी म्हणाली, पाणी लावलंत ते ठीक, पण आता सांगा. आणि आजोबा सांगायला बसले. काशीला जाऊन आलेल्याने विचारणाऱ्याला नाही म्हणू नये, असा त्यांचा नेम होता. तो त्यांनी जन्मभर पाळला. सांगायचे ते दर वेळी तसंच, त्याच क्रमाने. मोटार नाक्यावरून सुटली इथपासून सुरू करायचे. घाटाशी आले की आवाज खाली आणायचे. घाटावर पाय ठेवला की आधी वास येतो, भिजलेल्या झेंडूचा आणि धुपाचा. मग पायाला गार लागतं. मग नदी दिसते.

आजोबांनी काही नवं केलं नव्हतं. आमच्याच मुलखातलं, पेणजवळच्या वरसईचं, याहून मोठं उदाहरण आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचं कर्ज फेडावं म्हणून काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार होत्या, तिथे दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले. पैसा हातात राहिला नाही. पण काशीहून गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावर वाहून घरी आणली आणि वरसईच्या अंगणात आईवडिलांना गंगेचं स्नान घातलं. पुढे चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून १८८३ च्या सुमारास त्यांनी सगळी हकीकत मोडीत लिहून काढली आणि १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात, ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापून आली. आज आपण ते पुस्तक झाशीच्या राणीसाठी वाचतो. मला मात्र त्यातली ती कावडच जास्त दिसते. शेकडो कोस पाणी हिंदकळू न देता आणायचं, ज्यांना जाता येत नाही त्यांच्या अंगावर ओतायचं, आणि मग बसून सांगायचं. पाणी आणि हकीकत, दोन्ही. एकाने भागत नाही.

वारकऱ्यांनी याही पुढची गोष्ट सांगितली आहे. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठोबाच त्यांच्या मळ्यात आला. आजही पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला सावतोबांच्या भेटीला जाते. ज्याला जाता येत नाही त्याच्याकडे देवाने जायचं, हे आपल्याकडे कुणाला विचित्र वाटत नाही. आत्याला ही गोष्ट फार आवडायची. अर्थात ती म्हणायची, सावतोबा चालतेफिरते होते, त्यांना मळा होता. मला खिडकी आहे.

त्या खिडकीतून तेव्हा कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसायचा. १९९१ मध्ये मागे इमारत उभी राहिली आणि तोही गेला.

आता चित्रांकडे येतो. सैरबीन हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. सैर म्हणजे फेरफटका, आणि बीन म्हणजे पाहणारं, दुर्बिणीतलं तेच बीन. बसल्या जागी फेरफटका दाखवणारी पेटी. इतका नेमका शब्द आपल्याकडे पडून असताना आपण नव्या यंत्रांना भलतीच नावं देतो याचं मला वाईट वाटतं. जत्रेत ही पेटी घेऊन येणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तीन पायांच्या घोडीवर पत्र्याची रंगवलेली पेटी, पुढे चार-पाच भोकं, प्रत्येक भोकाला रुपयाएवढं भिंग. आत चित्रांची लांब गुंडाळी. तो दांडी फिरवतो, एका हाताने झांज वाजवतो आणि चित्रं पुढे सरकतात.

असा एक सैरबीनवाला दर वर्षी जत्रेच्या दिवसांत वडाळे तळ्याच्या काठी यायचा. त्याची भिंगं तडकली की तो वडिलांकडे यायचा. वडील आपल्या साठ्यातली जाड भिंगं, मोतीबिंदू काढलेल्यांसाठी ठेवलेली, त्याला कापून बसवून द्यायचे. १९८० साली तो असाच आला, तेव्हा वडिलांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, पेटी वर नेशील का? आमचा जिना अरुंद. घोडीचे पाय काढून, पेटी आडवी करून, त्याने आणि वडिलांनी ती वर चढवली. आत्याच्या कुशीला उशांचा ढीग रचून पेटी तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणली. मी अठरा वर्षांचा होतो, दाराशी उभा होतो. त्याने झांज वाजवून सुरुवात केली. ताजमहाल झाला, कुतुबमिनार झाला, हावडा पूल झाला. मग काशीचा घाट आला आणि आत्या म्हणाली, थांबवा. तुम्ही काशीला गेला आहात का?

तो म्हणाला, नाही ताई. चित्रं मुंबईहून घेतली.

मग आत्याने त्याला काशी सांगितली. आजोबांची काशी, मोटार नाक्यावरून सुटली इथपासून. तो खाली बसून ऐकत होता, पेटी बाजूला राहिली होती. पुढच्या वर्षी तळ्याच्या काठी मी त्याच्या पेटीपुढे उभा राहिलो तेव्हा काशीचं चित्र आल्यावर त्याने झांज थांबवली, आवाज खाली आणला आणि पोरांना सांगितलं की आधी वास येतो, मग पायाला गार लागतं. मी घरी येऊन आत्याला हे सांगितलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने जेवताना दोनदा कढी मागून घेतली.

चित्राशेजारी सांगणारा हवा हे आपल्या लोकांना फार आधी कळलं होतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरची चित्रं एकेक करून समोर धरतात आणि गात गात कथा सांगतात. १८९२ मध्ये कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धनांनी जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोरच्या पडद्यावर भलंमोठं चित्र. एकाहून अधिक कंदील वापरून एक चित्र विरत असताना दुसरं उमटवायचं, म्हणजे पात्रं हलल्यासारखी वाटत. त्यांनी या खेळाला नाव दिलं शांबरिक खरोलिका. शंबरासुर मायावी, म्हणून शांबरिक. पटवर्धनांचे मुलगेही या कामात होते. रामायण-महाभारताच्या कथा, सोबत निवेदन आणि गाणं. म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या माणसाने ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून फलाटावर येणारी आगगाडी दाखवली, त्याच्या चार वर्षं आधी कल्याणमध्ये लोक अंधारात बसून अयोध्येला जाऊन येत होते. कल्याण आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आजोबांची काशीयात्राही तिथूनच गाडीत बसली.

माझ्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दादासाहेब फाळके सिनेमाच्या नादात दिवसरात्र चित्रपट पाहत आणि प्रयोग करत राहिले, आणि त्यांची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि तीन-चार वेगवेगळ्या चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. ते चष्मे कुणी घासले असतील, ही उत्सुकता मला आजही आहे.

साधं चित्र आणि खोली असलेलं चित्र यांत फरक असतो, तो इथे सांगायला हवा. आपले दोन डोळे साधारण सव्वादोन-अडीच इंचांच्या अंतरावर असतात. दोघांना एकच वस्तू किंचित वेगळी दिसते. मेंदू हे वेगळेपण जुळवतो आणि त्यातून जवळ-लांब ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे दाखवून दिलं: दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवा, कागदातून खोली उभी राहील. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने हातात धरायचं साधं, स्वस्त यंत्र तयार केलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणून ते घरोघरी गेलं.

असं एक यंत्र पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला आणलं होतं, सोबत पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जोडचित्रांचा डबा आणि एक पुस्तक. जेम्स रिकॅल्टन नावाच्या अमेरिकन शाळामास्तराचं, १९०७ चं. नावाचा अर्थ असा की या यंत्रातून हिंदुस्थान. शंभर जोडचित्रं, आणि पुस्तकात नकाशे. नकाशावर तांबड्या रेघांनी दाखवलेलं की तुम्ही आता नेमके या जागी उभे आहात आणि या दोन रेघांच्या मधलं तुम्हाला दिसतं आहे. सुरुवात मुंबईपासून. मजकूर सगळा वाचणाऱ्याला उद्देशून: तुमच्या डाव्या हाताला हे, मागे वळलात तर ते. घर न सोडणाऱ्या माणसाला हात धरून फिरवणारं पुस्तक. दुरुस्ती आठ दिवसांत होण्यासारखी होती, मी मुद्दाम महिना लावला. रोज रात्री दहा चित्रं वर न्यायचो आणि आत्यासाठी रिकॅल्टनचं मराठी करून वाचायचो. यंत्राच्या पुढे कपाळाला टेकणारी एक झडप असते, तिने आजूबाजूचं सगळं झाकलं जातं, खोलीचं छत, पंखा, औषधाच्या बाटल्या. ती झडप कपाळाला टेकली की आत्याचे खांदे खाली यायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच्या आधी, ऐंशीच्या दशकात, वडिलांनी तिच्यासाठी जुना व्ह्यू-मास्टर मिळवला होता. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र पहिल्यांदा लोकांसमोर आलं. गोल तबकडीवर चौदा इवल्या फिल्मी, म्हणजे सात देखावे. उजवीकडची कळ दाबली की खट् आवाज होऊन पुढचा देखावा. ती कळ आत्याला दाबता येईना, तिची बोटं एव्हाना आतल्या बाजूला वळली होती. वडिलांनी कळीला बांबूची वीतभर कामटी दोऱ्याने बांधली. आत्या कोपराने ती कामटी ढकलायची. ताजमहालाची तबकडी तिने इतक्या वेळा पाहिली की तिसऱ्या देखाव्यात पाण्याच्या कडेला उभा असलेला माळी तिच्या ओळखीचा झाला होता. एकदा मला म्हणाली, त्या बिचाऱ्याला कधी सुट्टी मिळत नाही.

२०१६ मध्ये माझा मुलगा पुठ्ठ्याचा चष्मा घेऊन आला. गूगलने दोन वर्षांपूर्वी काढलेला, कार्डबोर्ड नावाचा. पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं, पुढे मोबाईल अडकवायची जागा. मी आधी भिंगं काढून पाहिली. दोन्ही बाजूंनी फुगीर, नाभीय अंतर ४५ मिलिमीटर. म्हणजे होम्सचंच यंत्र, पुठ्ठ्याच्या चित्राच्या जागी फोन. नवीन इतकंच की फोनला कळतं तुम्ही कुठे बघता, आणि मान वळवाल तसं चित्र वळतं.

मला वाटलं, आता आत्याला काशी दाखवायची. मुलाने घाटांची, चारी बाजूंनी दिसणारी चित्रफीत शोधली. आत्या ऐंशी वर्षांची. चष्मा लावला, आणि दोन मिनिटांत ती म्हणाली, काढ, काढ. तिला मळमळत होतं. चूक आमची होती. चित्रफीत कुणीतरी चालत चालत घेतलेली. डोळे सांगत होते की आपण चालतो आहोत आणि कानातला तोल सांगत होता की आपण पडून आहोत. या भांडणात पोट ढवळतं. दुसऱ्या खेपेला एका जागी कॅमेरा ठेवून घेतलेली चित्रफीत शोधली. मळमळ थांबली, पण तिला सगळं दुहेरी दिसू लागलं. भिंगांमधलं अंतर ठरावीक, तिच्या बाहुल्यांपेक्षा जास्त. तो माझा प्रांत होता. पुठ्ठ्याची भोकं आतल्या बाजूला कापून भिंगं जवळ आणली. चित्र एक झालं.

तिसरी अडचण मात्र मला आधी कळलीच नाही. मी विचारलं, दिसतोय का घाट? ती म्हणाली, आभाळ दिसतंय. छान आहे रे. पतंग आहे एक.

ती उताणी होती. फोनला खाली-वर कळतं, जमिनीची ओढ कुठे आहे ते कळतं. पडलेल्या माणसाने पाहिलं तर त्याला वरचंच दिसणार. घाट, नदी, माणसं सगळं तिच्या पायांच्या दिशेला होतं आणि मान तर वळत नव्हती. ही यंत्रं चालत्या माणसांनी चालत्या माणसांसाठी केलेली असतात. अंथरुणाला खिळलेल्यांना जग दाखवू असं सांगून ती विकली जातात आणि अंथरुणावरून त्यांतून फक्त आभाळ दिसतं. याचा मला राग आला, अजून येतो. आता काही महागड्या यंत्रांत झोपून पाहायची सोय झाली आहे. ती स्वस्तातल्या यंत्रांतही यायला हवी, आणि सगळ्यात आधी यायला हवी होती.

आमच्या धंद्यात झोपून वाचायचा चष्मा असतो. त्यात भिंगाच्या जागी काचेचे लोलक. उताणं पडून वर पाहिलं की लोलकातून पायांकडचं दिसतं, पुस्तक पोटावर उभं धरून वाचता येतं. असा एक दुकानात पडून होता. तो आत्याला लावला. पुठ्ठ्याचं यंत्र आता तिच्या तोंडावर ठेवायचं नव्हतं, लोलकांना चिकटून उभं धरायचं होतं. दुकानातला चष्मे मांडायचा फिरता स्टँड मोडून त्याचं बूड काढलं आणि जुन्या पोळपाटावर ठोकून तिच्या छातीवर आडव्या ठेवलेल्या फळीवर बसवलं. चित्र लहान झालं, कडा कापल्या गेल्या. पण क्षितिज समोर आलं. आणि तिची मान वळत नव्हती म्हणून मी बूड फिरवायचो. ती सांगायची, डावीकडे घे, अजून, थांब. सैरबीनवाला दांडी फिरवायचा तसा मी फिरवत होतो.

तिने बराच वेळ पाहिलं. एकदा तिचा हात उचलला गेला, समोर नावेची कड असल्यासारखा. मग म्हणाली, आधी नदीच दिसली रे. अण्णा म्हणायचे, आधी वास येतो.

यंत्र बाजूला ठेवलं. बायकोने देवघरातली आदल्या दिवशीची झेंडूची फुलं ताटलीत भिजवून आणली, धूप लावला. ताटली उशाशी ठेवली. मग टॉवेल माठातल्या पाण्यात पिळून आत्याच्या तळव्यांवर घातला. मी मोटार नाक्यावरून सोडली, कल्याणला गाडीत बसवलं, भुसावळला चहा झाला, जबलपूर झालं, प्रयाग झालं. घाटाशी आलो तेव्हा आवाज खाली आणला, आणि मगच यंत्र लोलकांना लावलं.

त्यानंतर हे आमच्याकडे तसंच चालायचं. बद्रीनाथ पाहायचं तर खिडकी उघडी टाकून पंखा लावायचा. कन्याकुमारीला तिच्या ओठांना मिठाचं पाणी लावायचं, ते तिनेच सुचवलं होतं. जिथे आमच्यापैकी कुणीच गेलेलं नव्हतं तिथे गेलेल्या माणसाला शोधून आणायचो. दुकानात येणारी किती तरी गिऱ्हाइकं चष्म्याचा नंबर काढायला आली आणि वर जाऊन अमरनाथ सांगून गेली. एक निवृत्त बोटवाले कोळीवाड्यातून तीनदा आले. त्यांनी तिला एडनचं बंदर सांगितलं, ज्याचं चित्रच आमच्याकडे नव्हतं, आणि ते तिने सगळ्यात जास्त वेळ पाहिलं असं मी म्हणेन.

आत्या गेल्यावर दोन वर्षांनी, २०२० च्या आषाढीला, अख्खा महाराष्ट्र तिच्या जागी आला. करोनामुळे वारी निघाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वर्षानुवर्षं चालत जाणाऱ्यांनी ते घरात बसून फोनवर पाहिलं. आमच्या आळीतले एक वारकरी तेव्हा मला म्हणाले, दर्शन झालं, वारी नाही झाली. त्या दिवशी संध्याकाळी आळीतल्या सातआठ जणांनी आपापल्या गॅलरीत उभं राहून, आज आपण पंढरपूरला असतो, काल वाखरीला असतो, असं एकमेकांना सांगत हरिपाठ म्हटला.

आता पनवेल तालुक्यात विमानतळ झाला आहे, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. पनवेल पुन्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांचं मोठं ठाणं झालं. लोक दुकानात येऊन परदेशच्या प्रवासासाठी जादा चष्मा करून नेतात. आणि त्यांच्यातलाच एखादा जाता जाता विचारतो, तुमच्याकडे म्हणे झोपून बघायचं काहीतरी करून मिळतं, आईसाठी हवं होतं. आतापर्यंत नऊ करून दिली. पैसे लोलकांचे तेवढे घेतो. आणि देताना एकच विचारतो, शेजारी कोण बसणार आहे?

२०१८ च्या श्रावणात आत्याचं अन्न सुटलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने देवघराकडे पाहिलं. मला कळलं.

गडू खाली काढला. एक्याऐंशी वर्षांत तो काळवंडून गेला होता, डाखेची कड मात्र पांढरी होती. चष्म्यांच्या काड्या जोडायला माझ्याकडे बारीक टोकाची डाखणी आहे, ती खालून आणून तापवली. डाख वितळून एका बाजूला ओघळली. चिमट्याने झाकण उचललं. पाणी अर्ध्याच्या वर होतं, स्वच्छ. बायकोने चमच्यात तुळशीचं पान ठेवलं.

मी चमचा तिच्या ओठांशी नेला तर तिने ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे पाहत राहिली. चमचा धरलेला हात मी तसाच ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला लागलो. सर्व्हिस मोटार नाक्यावरून सुटली. गाडीत पुढच्या बाकावर आजोबा, शेजारी आजी, मांडीवर तू, एक वर्षाची.

आजोबांनी ती मांडीवरची मुलगी कधी सांगितली नव्हती. आत्या त्या वेळी पनवेललाच आजीच्या माहेरी ठेवलेली होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने ओठ उघडले.